मशीन येण्याआधी मोरी बघा

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या घरांतून हल्ली एक प्रकार हमखास पाहायला मिळतो. मुलगा बेंगळूरला, मुलगी पुण्याला. ‘आई, आता हातानं कपडे धुणं बस्स झालं’ असे म्हणत दोघांनी मिळून तिकडूनच फ्रंट लोड, म्हणजे पुढून गोल दार उघडणारे, वॉशिंग मशीन मागवलेले असते. टेम्पोवाला दोन माणसांकडून खोके सोप्यात उतरवतो, सही घेतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येतो, मोरीत डोकावतो आणि विचारतो, “काका, मशीनचा नळ कुठाय? पॉवर प्लग कुठाय?” नळही नसतो, प्लगही नसतो. तो पुढच्या आठवड्याची तारीख देतो. खोके तसेच सोप्यात राहते, त्यावर चादर पडते, चादरीवर वर्तमानपत्रे साठतात, आणि आई पुन्हा धोपटणे घेऊन दगडावर बसते.

दोष ना मुलांचा, ना कंपनीच्या माणसाचा. मशीन बसवणे हे काम तासाभराचे असते, ही समजूतच चुकीची. तासाभराचे काम कंपनीच्या माणसाचे. त्याआधीचे काम घराचे आहे. त्यासाठी गवंडी, प्लंबर आणि वायरमन असे तिघे तरी लागतात. ते खोके येण्याआधी झालेले असले तर मशीन दहा-बारा वर्षे निमूटपणे चालते. नसले तर पहिल्याच महिन्यात घरभर नाचते, पाणी सांडते, आणि प्रसंगी हात लावणाऱ्याला झटका देते. या शेवटच्या गोष्टीसाठी तरी हा लेख घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

जागा आणि जमीन

फ्रंट लोड मशीन साधारण दोन फूट रुंद (६० सेंटीमीटर) आणि पावणेतीन फुटांच्या आसपास उंच (८५ सेंटीमीटर) असते. खोली मॉडेलप्रमाणे दीड ते दोन फूट. मागे नळ्यांसाठी चार बोटे जागा सोडावी लागते, पुढे गोल दार पूर्ण उघडायला हवे आणि कपडे काढायला माणूस वाकायला हवा. हे सगळे मोजताना लोक न्हाणीघराची लांबी-रुंदी मोजतात आणि न्हाणीचे दार मोजायला विसरतात. शहापूर, वडगाव, खडेबाजार भागातल्या जुन्या घरांत न्हाणीचे दार चौकटीच्या आतून जेमतेम दोन फूट भरते. मशीन दाराशी येऊन अडकते, मग चौकट काढावी लागते. तेव्हा टेप घ्या आणि रस्त्यापासून मोरीपर्यंतची प्रत्येक चौकट मोजा. जिना असेल तर त्याचे वळणही.

वजनाचेही तसेच. हे मशीन ६० ते ७५ किलोंचे असते, कारण आतल्या टबाला सिमेंटचे जड ठोकळे बांधलेले असतात. कपडे पिळताना आतला ड्रम मिनिटाला हजार ते चौदाशे फेरे घेतो. ओल्या कपड्यांचा गोळा एका बाजूला झाला की तो सगळे मशीन ओढू पाहतो. त्याला धरून ठेवण्यासाठी ते वजन असते. पण खालची जमीनच हलकी असेल तर ठोकळ्यांचा काय उपयोग? जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. फरशी चांगली टिकाऊ, पण खालची माती बसली की एखादा तुकडा डुगडुगतो. अशा फरशीवर मशीनचा एक पाय आला की ते चालू लागते. गवंड्याला बोलावून तेवढ्या दोन-अडीच फुटांत फरशी उचलून खाली काँक्रीट घालून घ्यावे. वाटल्यास चार-सहा इंचांचा भक्कम ओटाही करावा. त्याने मोरीतले पाणी मशीनखाली जात नाही आणि वाकणेही थोडे कमी होते. वर माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर तिथे फ्रंट लोड नकोच.

बाजारात चाकांचे स्टँड मिळतात. झाडलोट करताना मशीन सरकवता येते म्हणून ते बायकांना आवडतात. या मशीनला ते घेऊ नये. ज्याला स्थिर उभे राहायचे आहे त्याच्या पायाला चाके बांधण्यासारखेच ते आहे.

आणखी एक. परड्याला लागून असलेल्या मोरीत उंदीर असतातच. मशीनच्या तळाला फट असेल तर ते आत शिरून वायरी कुरतडतात. तळाला बसणारी जाळी आपल्या मॉडेलसाठी मिळते का, हे कंपनीच्या माणसाला आधीच विचारावे.

टाकी किती उंच?

बेळगावात पाण्याचा विषय निघाला की बोलणे लांबते. राकसकोप, हिडकल, घरची आड, परड्यातली बोअर. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीरही त्यात येते. २००८ साली शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रकल्प सुरू झाला. जिथे नळाला ठरावीक दिवशीच पाणी येते, तिथे घराचा सारा भरवसा गच्चीवरच्या टाकीवर असतो. मशीनलाही याच टाकीचे पाणी मिळणार. प्रश्न पाणी आहे की नाही एवढाच नाही, त्याला जोर किती आहे, हाही आहे.

वरून झाकण असलेल्या मशीनमध्ये नळाचा जोर कमी असला तर बादलीने पाणी ओतून वेळ मारून नेता येते. फ्रंट लोडमध्ये ती सोय नाही. दार एकदा लागले की आत येईल ते नळीतूनच. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा किमान दाब ०.३ बार लिहिलेला असतो. काहींत कमी, काहींत जास्त. दहा मीटर उंचीवरचे पाणी साधारण एक बार दाब देते. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतले पाणी मशीनच्या तोंडापासून तीन मीटर, आपल्या हिशेबात दहा फूट, उंच हवे.

आता आपले घर मोजू. एकमजली स्लॅबचे घर, स्लॅब साडेदहा फुटांवर, त्यावरच टाकी ठेवलेली. मशीनच्या मागे पाणी शिरते ती जागा जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. उरले साडेसात-आठ फूट. टाकी तळाशी आली की दाब पाव बारच्याही खाली जातो. कौलारू घरात तर टाकी न्हाणीच्या माळ्यावर असते. तिथे तीन-चार फूटही मिळत नाहीत. मग मशीन पाणी घेण्यासाठी घूं घूं करत राहते, थोड्या वेळाने थांबते आणि चुकीचा आकडा दाखवते. घरात ओरड होते, ‘नीर बरवल्दु!’ नळ सोडून पाहावा तर नळाला पाणी असते. कंपनीचा माणूस येतो, नळी काढून पाहतो आणि म्हणतो, मशीनमध्ये काही दोष नाही.

उपाय दोन. टाकीखाली चार-पाच फुटांचा भक्कम चौथरा किंवा लोखंडी स्टँड घालावा. ते शक्य नसेल तर टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवावा. पंप घेतला की वीज गेल्यावर पाणीही गेले, हे धरून चालावे. दुमजली घरात खालच्या मजल्यावर मशीन असेल तर यातले काहीच करावे लागत नाही.

मशीनला स्वतंत्र नळ द्यावा. पाऊण इंची आट्यांचा, आणि त्याला बंद करायचा कॉक हाताला येईल असा. आंघोळीच्या नळालाच फाटा काढून देतात, ते टाळावे. धुणे झाल्यावर हा कॉक बंद करायची सवय लावावी. नळी फुटली तर ती बहुधा घरात कोणी नसतानाच फुटते. नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की ती महिन्यातून एकदा काढून ब्रशने धुवावी.

पाण्याचा जडपणाही पाहावा. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो, तर ते पाणी जड. आपल्याकडच्या कन्नड घरांत त्याला ‘गडस नीरू’ म्हणतात. पूर्वेकडच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात बोअरचे पाणी तर अनेकदा सवळ असते. फ्रंट लोडमध्ये पाणी तापवायचा हीटर टबाच्या तळाशी असतो. हंड्याला धरतो तोच थर त्यावर धरतो. अशा घरी बोअरऐवजी नळाचे किंवा आडाचे पाणी मशीनला देता येते का ते बघावे. येत नसेल तर पाणी मऊ करणारे नळकांडे बसवावे, रोजचे धुणे गार पाण्यात करावे आणि गरम पाणी चादरी-टॉवेलांपुरते ठेवावे.

सांडपाण्याची नळी

रॉकेलचे पिंप आठवते? नळीचे एक टोक पिंपात, दुसरे खाली डब्यात. एकदा ओढून सोडले की पिंप आपोआप रिकामे होत असे. मशीनच्या मागची सांडपाण्याची नळी मोरीत खाली टाकून दिली की नेमके हेच होऊ शकते. मशीन वरून पाणी भरते, पाणी खालून निघून जाते. मशीन पुन्हा भरते. कपडे धड भिजत नाहीत, साबण वाहून जातो, टाकी रिकामी होते. आपल्याकडे सगळे पाणी मोरीच्या जाळीवर सोडायची सवय असल्याने हा घोटाळा बराच होतो.

म्हणून या नळीचे टोक जमिनीपासून ६० सेंटीमीटरच्या वर आणि एक मीटरच्या खाली अडकवायचे असते. प्लंबरला सांगून भिंतीलगत दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप उभा करून घ्यावा. त्याचे वरचे तोंड अडीच फुटांवर उघडे आणि खालचे टोक गटाराला जोडलेले असावे. मशीनची नळी त्यात वीतभरापेक्षा कमी सोडावी. तोंडाशी फडके किंवा सिमेंट कोंबून ते बंद करू नये, हवा खेळायला फट हवीच. आणि नळी बांधून टाकावी. पंप सुरू झाला की ती सापासारखी उसळते आणि अडकवलेली नळी बाहेर पडून न्हाणीत कारंजे होते. खाली गटारात केस-कचरा असेल तर आधी साफ करून घ्यावा, कारण हे पाणी हळूहळू येत नाही, एकदम येते.

एका धुण्याला मशीनच्या आकाराप्रमाणे साधारण ५० ते ७० लिटर पाणी लागते. शेवटच्या खळबळीचे पाणी बरेच स्वच्छ असते. ते पिंपात घेऊन अंगण, संडास धुवायला वापरणाऱ्या घरांचे कौतुक वाटते. मात्र मशीनचा पंप पाणी फार वर चढवू शकत नाही. त्यामुळे पिंपाचे तोंड वर सांगितलेल्या उंचीच्या आतच हवे.

अर्थिंग: इथे काटकसर नको

पाणी तापवताना हे मशीन दोन हजार वॅट किंवा थोडी अधिक वीज ओढते. म्हणजे नऊ-दहा अँपिअर. त्याला मोठा १६ अँपिअरचा तीन पिनांचा पॉवर प्लग लागतो आणि मेन बोर्डापासून थेट आलेली तांब्याची वायर लागते, निदान अडीच आणि शक्यतो चार चौरस मिलिमीटरची. मिक्सरच्या प्लगवरून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावरून ते चालवू नये. प्लग न्हाणीत पाण्याचे शिंतोडे उडतील तिथे नको. भिंतीच्या कोरड्या बाजूला, छातीइतक्या उंचीवर हवा. घरच्या इन्व्हर्टरवरही हे मशीन जोडू नये.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती तिसरी पिन, सर्वांत जाड असलेली. ती अर्थिंगची. जुन्या घरांत प्लगला तिसरे भोक असते, पण भिंतीमागे त्याला वायरच नसते. इस्त्री, टीव्ही, मिक्सर यांत वर्षानुवर्षे काही बिघडले नाही म्हणून कुणी पाहिलेलेही नसते. वॉशिंग मशीन वेगळे. पत्र्याचे अंग, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि वापरणारी व्यक्ती ओल्या हातांनी, अनवाणी. आत कुठे वायरीचे आवरण झिजले किंवा हीटर गळू लागला की पत्र्यात वीज येते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा ट्रिपर पडतो. नसेल तर ती वाट माणसातून काढते.

‘मशीनला हात लावला की जरा झिणझिणतंय’, ‘करेंट होडीतैती’, असे बायका सांगतात आणि घरात उत्तर मिळते, “चपला घालून लाव.” हे उत्तर देऊ नये. झिणझिणणे ही सूचना आहे. त्याच क्षणी मेन बोर्डावरून वीज बंद करावी, मग प्लग काढावा आणि वायरमनला बोलवावे. तोवर मशीन बंद.

वायरमनकडे मीटर असतो. त्याला तीन मोजमापे दाखवायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरा आकडा आला नाही किंवा तिसरा मोठा आला तर अर्थिंग नाही किंवा निकामी आहे. काही वायरमन प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून देतात. मीटरवर आकडे बरोबर दिसतात, पण कधी न्यूट्रल तुटली तर सगळी वीज थेट मशीनच्या पत्र्यावर येते. हे काम करून घेऊ नका. नळाच्या पाइपला वायर बांधायची जुनी पद्धतही आता निरुपयोगी, कारण मध्ये कुठेतरी प्लॅस्टिकचा पाइप असतोच.

खरे अर्थिंग म्हणजे परड्यात किंवा घराच्या कडेला खोल खड्डा, त्यात पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. खडकाळ, मुरमाड जमिनीत ते जास्त काळजीने करावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत जमीन वाळते तेव्हा त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. तुळशीला घालतो तसे, विसरू नये. शिवाय बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ट्रिपर बसवावा. वायरमन आणि दुकानदार त्याला ईएलसीबी म्हणतात. गळती झाली की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असते, महिन्यातून एकदा दाबून पाहावे. या सगळ्याला मशीनच्या किमतीच्या मानाने फार खर्च येत नाही, आणि तो सबंध घराच्या कामी येतो. भाड्याचे घर असेल तर मालकाशी बोलावे. मालक तयार नसेल तर निदान ट्रिपर तरी स्वतः बसवून घ्यावा, पण तो अर्थिंगच्या जागी नाही, तोवरचा आधार म्हणून.

कंपनीचा माणूस आला की

एवढे झाल्यावर त्याला फोन करावा. तो आला की चहा पाजा, पण नजर मशीनच्या मागच्या बाजूवर ठेवा. तिथे तीन किंवा चार लांब बोल्ट असतात. आतला टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो. कारखान्यापासून घरापर्यंतच्या धक्क्यांत तो आपटू नये म्हणून त्याला या बोल्टांनी जखडलेले असते. पान्याने ते सगळे काढायचे आणि भोकांना प्लॅस्टिकची टोपणे लावायची. एकही बोल्ट राहिला तर पिळण्याच्या वेळी मशीन असा काही आवाज करते की शेजारचे धावत येतात, आणि आतले भाग मोडतात. निघालेले बोल्ट मोजून हातात घ्या.

मग पाणसळ. मशीनच्या वर ती आडवी आणि उभी ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाय फिरवून घ्यायचे. कंपनीच्या माणसाकडे पाणसळ नसेल तर गवंड्याकडून आधीच मागून ठेवा. पाय बसले की त्यांवरची चक्की मशीनच्या तळाला घट्ट आवळायची असते. ती आवळली नाही तर महिन्याभरात पाय पुन्हा सैल होतात. झाल्यावर मशीनचे समोरासमोरचे दोन कोपरे हाताने दाबून पाहा. डुगडुगता कामा नये.

पहिली फेरी रिकाम्या मशीनची, थोडी पावडर घालून, गरम पाण्यात. पाणी भरणे, हीटर, पाणी सोडणे आणि शेवटचे जोराचे पिळणे, हे सगळे त्याच्यासमोर व्हायला हवे. निदान छोटा कार्यक्रम तरी पूर्ण लावून पाहावा. नळाच्या जोडावर, मशीनच्या खाली कोरडा हात फिरवून पाहा. ‘मला अजून चार ठिकाणी जायचंय’ असे तो म्हणेलच. सही फेरी संपल्यावर करायची.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. कंपनीचा माणूस मशीन चालवून दाखवतो ते घरातल्या पुरुषाला. सासरे किंवा नवरा मान डोलावतात, आणि जी रोज मशीन लावणार ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकते. तो कन्नडमध्ये सांगतो. घरातली सून निपाणीची किंवा कोल्हापूरची असेल तर अर्धे तिला कळत नाही. सासू धारवाडकडची असेल आणि तो मराठीत बोलला तर तिचीही तीच अडचण. पुस्तिका इंग्रजीत असते. तेव्हा, “दादा, मला दाखवा, मी लावणार आहे,” असे स्पष्ट सांगावे, बटण स्वतः दाबून पाहावे, आणि त्याने सांगितलेले वहीच्या पानावर आपल्या भाषेत लिहून मशीनशेजारी चिकटवावे. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींत. कोणते बटण सुती कपड्यांचे, कोणते इरकलीसारख्या रंग जाणाऱ्या लुगड्यांचे, मध्येच थांबवायचे झाले तर दार किती वेळाने उघडते (ते लगेच उघडत नाही, ओढू नये), इतके लिहिले तरी पुरे. घरातल्या आज्जींनाही ते वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत.

पावडर फ्रंट लोडसाठी असलेलीच, कमी फेसाची घ्यावी. हाताने धुवायची पावडर घातली तर फेस दाराच्या काचेपर्यंत भरतो आणि मशीन तो घालवण्यात वेळ घालवते.

खंडेनवमीला, आयुधपूजेला मशीनला हळदीकुंकू जरूर लावा, फुलेही वाहा. नारळ मात्र दारात फोडा, ओट्यावर नको.

काढलेले बोल्ट, पाना आणि ती प्लॅस्टिकची टोपणे एका पिशवीत घालून बिलाबरोबर कपाटात ठेवावीत. उद्या घर बदलले किंवा मशीन मुलाकडे बेंगळूरला पाठवायचे झाले तर तेच बोल्ट पुन्हा लावल्याशिवाय मशीन टेम्पोत चढवू नये. सगळे पाणी काढून, नळ्या सोडवून, मशीन उभेच न्यावे. आडवे घालावे लागलेच तर बोल्ट लावल्यावरच. बोल्ट हरवले असतील तर मॉडेलचा नंबर देऊन कंपनीकडून मागवता येतात, पण त्याला वेळ लागतो. म्हणून टेम्पो ठरवण्याआधी ती पिशवी शोधून ठेवावी.